पेल्व्हिस मोडल्यावर: अपघाताच्या जागेपासून पुन्हा चालायला लागेपर्यंत

दुचाकीला ट्रक घासतो, कोकणात कुणी माडावरून पडतो, बांधकामावरची परांची कोसळते, आणि संध्याकाळी आयसीयूबाहेर उभे असलेले नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन कधी करताय?" अस्थिशल्यचिकित्सक म्हणून मला हे रोज ऐकायला मिळतं. पण पेल्व्हिसच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या घेराच्या फ्रॅक्चरमध्ये पहिले काही तास रक्तस्रावाचे असतात. हाडाची पाळी नंतर येते. ऑपरेशन झाल्यावरही रक्ताच्या गाठी, जखमेतला पू, पायाच्या नसा, लघवीचा मार्ग हे सगळं आपापल्या वेळी त्रास देऊ शकतं. कोणती गुंतागुंत साधारण कधी येते हे घरच्यांना माहीत असलं, तर ती लवकर पकडली जाते. म्हणून हा लेख काळाच्या क्रमाने लिहिला आहे. तुमचा रुग्ण आज ज्या टप्प्यावर असेल तिथून वाचलंत तरी चालेल.

आधी रचना समजून घ्या

दोन बाजूंची दोन मोठी हाडं आणि मागे मध्यभागी त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या तळाचं तिकोनी हाड, मिळून हा घेर तयार होतो. पुढे, जननेंद्रियांच्या वर, दोन्ही हाडं एका कूर्चेच्या सांध्याने जोडलेली असतात. मागे त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो आणि त्यावरचे अस्थिबंध (लिगामेंट) शरीरातल्या सर्वांत बळकट अस्थिबंधांपैकी आहेत. पाठीच्या कण्यावरून आलेलं सगळं वजन याच मागच्या भागातून खुब्यांकडे जातं. त्यामुळे घेर स्थिर आहे की नाही, हे मुख्यतः मागची बाजू ठरवते.

काचेची बांगडी सहसा एकाच जागी तुटत नाही, तसंच या घेराचं आहे. एक्स-रेमध्ये पुढे मोड दिसली, तर मागेही काहीतरी दुखावलं आहे असं धरूनच शोधायला हवं. "पुढचं छोटं हाड मोडलंय, बाकी ठीक आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, मागच्या बाजूचं काय ते विचारा.

घेराच्या आत मूत्राशय, गुदाशय, स्त्रियांमध्ये गर्भाशय, मोठ्या रक्तवाहिन्या आणि पायांकडे जाणाऱ्या नसा असतात. खुब्याची वाटी याच हाडात असते. वाटीचं फ्रॅक्चर हा वेगळा प्रकार आहे. त्याची शस्त्रक्रिया वेगळी असते आणि गुंतागुंतीही थोड्या वेगळ्या असतात. तुमच्या रुग्णाचा घेर मोडला आहे, वाटी मोडली आहे की दोन्ही, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

रस्त्यावर

जोराचा अपघात किंवा उंचावरून पडणं झालं आहे आणि माणूस कमरेत, जांघेत दुखतंय म्हणतोय किंवा बेशुद्ध आहे, तर पेल्व्हिस मोडली आहे असं समजूनच वागा. त्याला उठवून बसवू नका, "पाय हलवून बघ" म्हणू नका, कमरेची हाडं दाबून पाहू नका आणि कुशीवर लोळवू नका. प्रत्येक हालचालीबरोबर मोडकी टोकं सरकतात आणि आत नुकती धरलेली रक्ताची गुठळी सुटते. खायला-प्यायला काही देऊ नका.

१०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत चादर, साडी किंवा ओढणी साधारण वीतभर रुंद घडी करा, गुडघ्यांच्या मागच्या पोकळीतून आत सरकवा आणि हळूहळू वर न्या. ती कुठे बांधायची इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. पट्टा कमरेवर, बेल्टच्या जागी बांधायचा नाही. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून हाताला लागणारं जे हाड आहे, साधारण पँटच्या बाजूच्या खिशापाशी, त्या पातळीवर तो यायला हवा. वर बांधला तर तो पोटाला आवळतो आणि घेर मिटत नाही, उलट खालून उघडू शकतो. दोघांनी दोन बाजूंनी सारखी ओढ देऊन पुढे गाठ मारा. हाडं जवळ येऊन स्थिर राहतील एवढाच ताण पुरे. मग दोन्ही गुडघे एकत्र आणि दोन्ही पाऊलं एकत्र, बोटं किंचित आत वळलेली, अशी बांधा. चादर बांधायची खात्री वाटत नसेल तर निदान गुडघे आणि पाऊलं बांधा, त्याचाही फायदा होतो. पट्टा बांधला म्हणून हाडं नीट झाली असं नाही. घेराची पोकळी कमी होते, हालचाल थांबते आणि रक्त गोठायला वाव मिळतो.

रुग्णवाहिका मिळतच नसेल तर फळी, दरवाजा किंवा घट्ट ताणलेलं घोंगडं वापरून चौघांनी एकाच वेळी उचला आणि आडवं झोपवूनच न्या. रिक्षात दोघांच्या मध्ये बसवून आणलेले रुग्ण आम्हाला दिसतात आणि त्या प्रवासाने किती रक्त वाया गेलं असेल या विचाराने फार वाईट वाटतं.

मदत केली तर पोलीस मागे लागतील ही भीती मनातून काढा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायचं की नाही हेही त्याच्या मर्जीवर आहे.

रुग्णालयातले पहिले तास

या फ्रॅक्चरमध्ये बाहेर रक्ताचा थेंबही दिसला नाही तरी आत, पोटाच्या मागच्या पोकळीत, काही लिटर रक्त साठू शकतं. बहुतेक वेळा हे रक्त शिरांच्या जाळ्यातून आणि मोडलेल्या हाडातून झिरपतं. साधारण दहा ते वीस टक्के रुग्णांत धमनी फाटलेली असते. तरुण माणसाचं बीपी एकूण रक्ताच्या जवळजवळ तीस टक्के रक्त जाईपर्यंत टिकून राहू शकतं, म्हणून "बीपी नॉर्मल आहे" या वाक्यावर विसंबू नका. नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, माणूस अस्वस्थ होतो, लघवी कमी होते. ही लक्षणं बीपी पडायच्या आधी दिसतात.

या वेळात नीट चालणाऱ्या आपत्कालीन विभागात साधारण असं होतं. रस्त्यावरची चादर काढून योग्य पातळीवर पेल्व्हिक बाइंडर, म्हणजे घेर आवळून धरणारा तयार पट्टा, लावतात. दोन मोठ्या सलाइन सुया घालतात, पण सलाइनचा मारा करत नाहीत. रक्तगट आणि क्रॉसमॅच (दात्याचं रक्त जुळतं का ही तपासणी) यासाठी नमुना लगेच जातो आणि रक्तासोबत प्लाझ्मा, प्लेटलेटही मागवतात. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं इंजेक्शन अपघातापासून तीन तासांच्या आत द्यावं लागतं, नंतर त्याचा उपयोग राहत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-टू या मोठ्या चाचणीनंतर हे इंजेक्शन जगभर रूढ झालं. ते स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणीही मिळतं. रुग्ण लांबून आणत असाल तर पहिल्याच दवाखान्यात "हे दिलं का, किती वाजता दिलं?" एवढं विचारा आणि वेळ कागदावर लिहून घ्या.

पोटाची सोनोग्राफी खाटेवरच होते. रुग्ण स्थिर असेल तर रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन करतात. बीपी सावरत नसेल तर धमनीत तार घालून ती आतून बंद करणं, किंवा पोटाखाली छोटा छेद घेऊन घेराच्या आत कापडी पॅक दाबून बसवणं, किंवा बाहेरून सळ्यांची चौकट लावणं, यांपैकी जे त्या रुग्णालयात लवकरात लवकर होऊ शकतं ते करावं लागतं. इथे "आधी हाड नीट बसवा" असा आग्रह धरू नका. या रात्री फक्त जीव वाचवायचा असतो.

दोन तपासण्या संकोचामुळे राहून जातात, त्या राहू देऊ नका. एक, गुदद्वाराची आणि स्त्रियांमध्ये योनीमार्गाची. हाडाचं टोक तिथून आत-बाहेर गेलं असेल तर ते उघडं फ्रॅक्चर ठरतं आणि त्यात जंतुसंसर्गाचा आणि मृत्यूचा धोका फार वाढतो. त्याचं लवकर निदान झालं तर प्रतिजैविकं लगेच सुरू होतात, जखम धुतली जाते आणि गरज पडल्यास शौचाचा मार्ग तात्पुरता पोटावर काढला जातो. दुसरी, लघवीच्या जागेची. तिथे रक्ताचा थेंब दिसत असेल तर लघवीची नळी आंधळेपणाने ढकलायची नसते. आधी रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. मूत्रमार्ग तुटला असेल तर पोटातून थेट मूत्राशयात नळी टाकतात.

रुग्णालय बदलायचं असेल तर बाइंडर लावून, रक्त सुरू करून मगच हलवा. जिथे नेताय तिथे रक्तपेढी, आयसीयू, सीटी आणि पेल्व्हिसच्या शस्त्रक्रिया नियमित करणारा सर्जन आहे का, हे फोनवरच विचारा. यांतली एक जरी गोष्ट नसेल तर दोनदा हलवावं लागेल.

ऑपरेशन लागणार का?

सगळ्यांना लागत नाही. बाजूने मार बसून पुढची हाडं मोडली आणि मागे त्रिकास्थी नुसती दबली असेल, तर बरेचदा वेदनाशामकं आणि वॉकर यांवर भागतं. समोरून मार बसून घेर पुस्तकासारखा उघडला आणि पुढच्या सांध्यात अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर पडलं, तर मागचे अस्थिबंधही गेले असण्याची शक्यता असते आणि सहसा प्लेट लागते. उंचावरून पडून अर्धा घेर वर सरकला असेल, तर पुढे आणि मागे दोन्हीकडे बांधणी करावी लागते. वाटीच्या फ्रॅक्चरमध्ये वजन पेलणाऱ्या भागात दोन मिलिमीटरपेक्षा जास्त पायरी पडली किंवा सांधा निसटत असेल, तर शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो.

एक गोष्ट तज्ज्ञांच्या हातूनही कधी निसटते. बाइंडर लावलेल्या अवस्थेत काढलेला सीटी स्कॅन जवळजवळ ठीक दिसू शकतो, कारण पट्ट्यानेच घेर मिटवून धरलेला असतो. रुग्ण स्थिर झाल्यावर पट्टा सैल करून पुन्हा एक्स-रे काढावा लागतो, किंवा भूल देऊन सी-आर्मखाली, म्हणजे थिएटरमधल्या पडद्यावर दिसणाऱ्या एक्स-रे यंत्राखाली, घेर हलवून पाहावा लागतो. "ऑपरेशनची गरज नाही" असं कुणी सांगितलं, तर "हा फोटो पट्टा काढून घेतलाय ना?" हे नक्की विचारा. पट्ट्याखालची कातडीही रोज बघायला सांगा. शक्यतो तो २४ तासांपलीकडे ठेवत नाहीत, कारण हाडाच्या उंचवट्यावर कातडी काळी पडून जखम होते.

कधी करायचं?

रक्तस्राव थांबलेला असावा, गार पडलेलं शरीर पुन्हा नेहमीच्या तापमानाला आलेलं असावं आणि रक्तातलं लॅक्टेट खाली आलेलं असावं. लॅक्टेट वाढलेलं असणं म्हणजे पेशींना अजून पुरेसा प्राणवायू मिळत नाही. अशा रुग्णावर मोठी शस्त्रक्रिया लादली तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं कोसळू शकतात. म्हणून घेराची अंतिम बांधणी बहुधा पहिल्या काही दिवसांत, शरीर सावरल्यावर होते. वाटीचं ऑपरेशन थोडं उशिरा, पण पहिल्या दोन आठवड्यांत व्हावं. तीन आठवड्यांनंतर तुकडे चुकीच्या जागी जुळायला लागतात आणि ते जागेवर आणणं फार कठीण होतं. मधल्या काळात मांडीच्या किंवा नडगीच्या हाडातून पिन घालून पायाला वजन लावून ठेवलेलं असतं. ते वजन अधांतरी लोंबायला हवं. खाटेच्या दांडीला टेकलेलं किंवा जमिनीला लागलेलं दिसलं तर सिस्टरना सांगा.

या वाट पाहण्याच्या दिवसांत हाडवैद्याकडे घेऊन जायचा विचार मनात आला तर तिथेच थांबा. हातापायांची हाडं बाहेरून बसवता येत असतील, पण ही येत नाहीत, आणि वेळ मात्र हातची जाते.

थिएटरमध्ये नेमकं काय होतं

पुढचा सांधा उघडला असेल तर सिझेरियनला घेतात तसा ओटीपोटावर आडवा छेद घेऊन प्लेट आणि स्क्रू लावतात. मूत्राशय अगदी मागे असतं, म्हणून लघवीची नळी आधीच घालून ते रिकामं ठेवतात. त्या भागात, हाडाच्या आतल्या कडेला, दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक आडवी वाहिनी बऱ्याच लोकांत असते. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी तिला 'कोरोना मॉर्टिस' म्हटलं आहे. ती तुटली तर रक्त आवरणं अवघड जातं, म्हणून सर्जन ती शोधून बांधतो.

मागच्या बाजूला हल्ली बहुतेक वेळा कातडीला अगदी छोटा छेद घेऊन, सी-आर्मच्या पडद्यावर बघत, कमरेच्या हाडातून त्रिकास्थीत जाड स्क्रू घालतात. ऐकायला सोपं वाटतं. पण स्क्रू जायला मिळणारा हाडाचा बोगदा अरुंद असतो. त्याच्या पुढून पाचव्या कटीमणक्याची नस जाते आणि खाली-मागे त्रिकास्थीची पहिली नस असते. काही लोकांत त्रिकास्थीची ठेवण जन्मतःच वेगळी असते आणि हा बोगदा तिरका किंवा आणखी अरुंद होतो. म्हणून सीटी स्कॅनवर आधी मोजमाप करतात. आतड्यांत वायू साठला किंवा माणूस फार स्थूल असला तर पडद्यावर हाडाच्या कडा धूसर दिसतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोट साफ ठेवायला का सांगतात, ते यामुळे.

मागचं हाड चुरडलं असेल किंवा त्रिकास्थी कण्यापासून सुटली असेल, तर कण्याच्या खालच्या मणक्यांपासून कमरेच्या हाडापर्यंत रॉड टाकतात. ही बांधणी मजबूत असते, पण ऑपरेशन मोठं असतं आणि पाठीची जखम बरी व्हायला वेळ घेते. काही वेळा पुढे बाहेरून चौकट राहते. तिच्या पिनांभोवतीची जागा रोज स्वच्छ करायची असते. ती कशी करायची ते सिस्टरकडून स्वतः शिकून घ्या, घरी ते तुम्हालाच करायचं आहे.

वाटीची शस्त्रक्रिया वेगळ्याच कसोटीची आहे. फ्रान्समध्ये रॉबेर जूदे आणि एमिल लेतूर्नेल यांनी १९६४ साली या फ्रॅक्चरचे प्रकार मांडले आणि आजही जगभर तेच वापरतात. वाटीचा पृष्ठभाग जितका तंतोतंत जुळेल तितका खुबा जास्त टिकतो, म्हणून ही शस्त्रक्रिया ती वारंवार करणाऱ्याच्या हातीच द्यावी असं माझं ठाम मत आहे, मग त्यासाठी मुंबई-पुण्याला किंवा जवळच्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात जावं लागलं तरी.

गुंतागुंती, त्यांच्या येण्याच्या क्रमाने

*शुद्धीवर आल्यावर लगेच: नसा.* रुग्णाला पाऊल आणि अंगठा वर उचलायला सांगा. दोन्ही जमायला हवं. पाऊल लोंबत असेल तर नस दुखावली आहे. ती अपघातातच दुखावली होती की ऑपरेशनमध्ये, हे ओळखायला ऑपरेशनआधीची नोंद लागते, म्हणून आदल्या दिवशीच डॉक्टरांसमोर पाऊल हलवून घ्या आणि ते केसपेपरवर लिहिलंय ना ते बघा. ऑपरेशननंतर नव्याने ताकद गेली असेल तर लगेच सीटी करून स्क्रू कुठे आहे ते पाहतात आणि गरज पडल्यास तो काढतात. ताणलेली नस सावरायला वर्ष-दीड वर्षही लागू शकतं. तोवर पाऊल खाली पडून आखडू नये म्हणून आधाराची पट्टी आणि रोजचा व्यायाम हवा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला नुसती बधिरता असेल तर ती त्रासदायक असते, पण पायाची ताकद त्याने जात नाही.

*पहिले दोन आठवडे: पोट आणि जखम.* आतल्या रक्तामुळे आतडी सुस्तावतात, पोट फुगतं, उलटी होते. बळजबरीने खाऊ घालू नका, वायू सरायला लागला की हळूहळू सुरू करा. जखमेतून पाचव्या दिवसानंतरही पाणी येत असेल, ताप परत चढत असेल, कड लाल आणि गरम लागत असेल, तर घरी मलम लावत बसू नका. मधुमेह, स्थूलपणा, मूत्राशयाची इजा आणि उघडं फ्रॅक्चर असलेल्यांत धोका जास्त असतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा कुल्ल्यावर मऊ, डचमळणारी सूज आणि त्यावरची कातडी बधिर, सैल वाटत असेल, तर ते साधं मुका मार लागलेलं नसतं. कातडी आणि चरबी खालच्या आवरणापासून सुटून मध्ये रक्त-पाणी साठलेलं असतं. ते न ओळखता त्यातूनच छेद घेतला तर पू होण्याची भीती असते. ऑपरेशनआधी डॉक्टरांना ती जागा बोट ठेवून दाखवा.

*पहिल्या दिवसापासून तीन महिने: रक्ताच्या गाठी.* इथे मला जास्त थांबायचं आहे. १९९४ साली कॅनडातल्या एका अभ्यासात, प्रतिबंधक औषध न दिलेल्या गंभीर जखमींची तपासणी केली तेव्हा पेल्व्हिस मोडलेल्यांपैकी साधारण साठ टक्के जणांच्या पायांच्या खोल शिरांत गाठी सापडल्या. बहुतेकांना काहीच लक्षण नव्हतं. अशी गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो, आणि तेही हाड उत्तम बसलेलं असताना.

म्हणून रक्तस्राव थांबल्याची खात्री झाली की, बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत, पोटावर रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन सुरू करतात. इंजेक्शन देता येत नसेल तोवर पायाला हवेचा पंप लावतात. डिस्चार्जनंतरही इंजेक्शन किंवा गोळी काही आठवडे चालू राहते. किती, ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. "दुखत नाही, मग कशाला?" म्हणून घरी गेल्यावर ती बंद केली जाते, हे मी अनेकदा पाहतो. कृपा करून असं करू नका. घोटे दिवसभर, जागं असेपर्यंत दर तासाला वर-खाली हलवायला लावा. पाणी भरपूर द्या.

आणि मालीश नको. आपल्याकडे पाय सुजला की तेल कोमट करून चोळायची पद्धत आहे, त्यामागे माया असते, पण गाठ असलेल्या पायाला चोळलं तर ती सुटू शकते. एका पायाची सूज अचानक वाढली, पोटरी किंवा मांडी दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करून घ्या. ओटीपोटातल्या शिरांमधली गाठ पायाच्या डॉपलरमध्ये दिसत नाही, तेव्हा डॉपलर ठीक आला तरी लक्षणं वाढत असतील तर पुन्हा दाखवा. अचानक धाप लागली, छातीत कळ आली, रुग्ण घामाघूम झाला किंवा चक्कर येऊन पडला, तर थेट आयसीयू असलेल्या रुग्णालयात न्या.

*पहिले काही आठवडे: अंथरुणाच्या जखमा.* दर दोन तासांनी कूस बदलायची असते. कोणत्या कुशीवर चालेल ते सर्जनला विचारून खाटेच्या डोक्याशी लिहून ठेवा. टाचा उशीवरून बाहेर, हवेत राहू द्या. एअर बेड आणला म्हणून कूस बदलणं थांबवू नका.

*सहा आठवडे ते काही महिने: धातू आणि हाड.* दोन, सहा आणि बारा आठवड्यांच्या सुमाराला एक्स-रे असतो. स्क्रू सैल होणं, घेर पुन्हा उघडणं किंवा अर्धा भाग वर सरकणं तेव्हा दिसतं. लवकर दिसलं तर दुरुस्त करता येतं. उशिरा दिसलं तर पाय आखूड राहतो आणि बसताना एका कुल्ल्यावर भार येतो. पुढच्या सांध्याची प्लेट मात्र पुष्कळदा महिन्यांनी तुटते किंवा तिचे स्क्रू ढिले होतात, कारण तो सांधा मुळातच थोडा हलणारा आहे. दुखत नसेल आणि घेर जागेवर असेल तर त्याला काही करावं लागत नाही. एक्स-रेत तुटलेली प्लेट बघून घाबरू नका.

हाड न जुळण्याचा धोका बिडी-सिगारेटने वाढतो. तंबाखूच्या पुडीत आणि मिश्रीतही निकोटिन असतंच. "मी फक्त दात घासते" म्हणणाऱ्या काकूंनाही हे तीन महिने मिश्री बंद.

*वाटी मोडलेल्यांसाठी खास.* खुबा निखळला असेल तर तो सहा तासांच्या आत बसवणं महत्त्वाचं असतं. उशीर झाला तर मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा जाऊन तो खचण्याचा धोका वाढतो. हे पहिली दोन वर्षं कधीही दिसू शकतं, म्हणून जांघेतलं दुखणं पुन्हा सुरू झालं तर एमआरआय करून घ्या. मागून छेद घेतला असेल तर स्नायूंमध्ये नको तिथे हाड तयार होऊन खुबा आखडू शकतो. तो टाळण्यासाठी काही जणांना सहा आठवडे इंडोमेथासिन हे सूज कमी करणारं औषध देतात. त्याने पोटात जळजळ होऊ शकते, तसं झालं तर सांगा. पुढे सांध्याची झीज झालीच तर खुबा बदलता येतो.

*ज्याबद्दल कुणी विचारत नाही.* पुरुषांत लिंग ताठर न होणं, स्त्रियांत संबंधांच्या वेळी दुखणं, दोघांतही लघवी अडकणं किंवा सुटणं, या तक्रारी पेल्व्हिसच्या मोठ्या इजांनंतर बऱ्याचदा आढळतात. रुग्ण लाजेने बोलत नाही, जोडीदार अपराधी वाटून बोलत नाही आणि ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरही विचारत नाहीत. एकदा दार लावून, नातेवाइकांना बाहेर बसवून बोला. नस आणि रक्तपुरवठा सावरतो तसं बरंच सुधारतं, आणि राहिलं त्यावर औषधं आहेत. लघवीची धार महिन्यांनी बारीक होत गेली तर मूत्रमार्ग आकसतो आहे. मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवा, जोर करत बसू नका.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या वेळी एकच गोष्ट नीट समजून घ्या: कोणत्या पायावर किती वजन टाकायचं. "हळूहळू चालवा" हे उत्तर पुरेसं नाही. मागची बाजू मोडलेल्यांना त्या पायाचा फक्त अंगठा टेकवून, वॉकरने, साधारण सहा ते बारा आठवडे चालावं लागतं. दोन्ही बाजू मोडल्या असतील तर तेवढे दिवस खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर एवढंच.

खाट गुडघ्याएवढी उंच हवी. भारतीय पद्धतीचा संडास या काळात बंद, कमोडची खुर्ची आणा. जमिनीवर जेवायला बसणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं सर्जनने परवानगी देईपर्यंत नाही. बाथरूममध्ये धरायला दांडी लावून घ्या. जिना चढायची परवानगी मिळाली की वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना दुखरा पाय आधी. जेवणात डाळी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे असं प्रथिनांचं प्रमाण वाढवा. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, वेदनाशामकांमुळे ती होतेच.

आजी-आजोबांचं पेल्व्हिस

सत्तरीनंतर न्हाणीघरात घसरून मोडलेलं पेल्व्हिस हा निराळा विषय आहे. इथे हाड ठिसूळ असतं आणि रक्तस्राव सहसा कमी, मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सावध राहा. एक्स-रेत पुढची बारीक मोड दिसते आणि मागची निसटते. कमरेत मागे दाबल्यावर दुखत असेल तर सीटी किंवा एमआरआय करून घ्या. यांना अंथरुणावर ठेवणं हेच सर्वांत घातक. वेदना आटोक्यात आणून एक-दोन दिवसांत वॉकरवर उभं करायचं. आठवडाभर प्रयत्न करूनही उभं राहता येत नसेल, तर छोट्या छेदातून स्क्रू, गरज पडल्यास सिमेंट भरून, घालण्याचा विचार करतात. ठिसूळपणावर औषध सुरू झाल्याशिवाय उपचार पूर्ण होत नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व एवढ्यावर भागत नाही. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून पुढचं औषध कोणतं, हे विचारा.

कागदपत्रं

अपघात असेल तर रुग्णालयात पोलीस नोंद होते, तिचा क्रमांक घ्या. स्कॅनच्या सीडी, ऑपरेशनची टिपणी आणि इम्प्लांटचे स्टिकर सांभाळून ठेवा. पुढे एमआरआय करताना धातू कोणता आहे ते विचारतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी भेटा. रस्ता अपघातासाठी केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना ठरावीक रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखांपर्यंत खर्च उचलते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करा.

धातू काढायचा का, आणि बाळंतपण?

आतला धातू सहसा कायम राहू देतात. दुखत असेल, सैल होऊन टोचत असेल किंवा पू झाला असेल तर काढतात. बाहेरची चौकट मात्र काढावीच लागते आणि काही जणांत चौकटीऐवजी कातडीखालून बसवलेला पुढचा दांडाही साधारण तीन महिन्यांनी काढतात. तरुण मुलीच्या आईला मनातून विचारायचा असतो तो प्रश्न बाळंतपणाचा. पेल्व्हिस मोडून नीट जुळलेल्या अनेक स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती होते, पुढे प्लेट असतानाही झाली आहे. सिझेरियनचं प्रमाण या स्त्रियांत जास्त दिसतं, त्यात डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या काळजीचा वाटा मोठा आहे. गर्भधारणेआधी एकदा ताजा एक्स-रे काढून अस्थिशल्यचिकित्सक आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांना एकत्र दाखवा, आणि जुन्या ऑपरेशनची टिपणी पहिल्या तपासणीपासूनच फाइलला जोडून ठेवा.